बक्षिसासाठी पुकारलेलं नाव

श्रीगोंद्यापासून थोडं आत, चहूबाजूंनी उसानं वेढलेल्या एका गावात आमची शाळा आहे. मी तिथे चौथीचा वर्ग घेते. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक बाई मुलीला घेऊन आली. प्रवेश हवा होता, पण दाखला नव्हता आणि जुन्या शाळेचं नाव सांगायलाही ती तयार नव्हती. मुख्याध्यापकांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तशी ती रडायला लागली. आमच्या शाळेत रडणारं कोणी आलं की त्याला माझ्या वर्गात आणून सोडतात. का ते मला अजून कळलेलं नाही, कारण मी काही मायाळू म्हणून प्रसिद्ध नाही.

तिने सगळं सांगितलं. नवरा पलीकडच्या जिल्ह्यातला, मारकुटा. याआधी ती दोनदा माहेरी निघून गेली होती आणि दोन्ही वेळा सासरची चार माणसं आली, चहा प्याली आणि तिला घेऊन गेली. पोलीस चौकीतही समजूत घालून परतच पाठवलं. पुढे तो मुलीवर हात टाकायला लागला, तेव्हा ती माहेरची वाट सोडून इथे मावशीकडे आली. मावशीचं आणि तिच्या आईचं कितीतरी वर्षांपासून बोलणं नव्हतं. "सासरच्यास्नी मला मावशी हाय हेच म्हाईत न्हाई, बाई," ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता चक्क हसली. "भांडनाचा असा बी उपेग हुतो."

मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले. दाखल्यावाचून प्रवेश देता येतो हे त्यांनाही ठाऊक होतं. जुन्या शाळेला पत्र गेलं की नवऱ्याला पत्ता कळणार, म्हणून ते पत्र तेवढं थांबवा, एवढंच माझं म्हणणं होतं. ते कुरकुरले, पण थांबले. माणूस वाईट नाही, फक्त वरच्या ऑफिसला फार घाबरतो.

मुलगी वर्गात गप्प असायची. मधल्या सुट्टीत मुली नाच बसवायच्या, तेव्हा मात्र तिच्याकडे बघत राहावं असं नाचायची. शाळा सुटायच्या आधीच मावशीचे यजमान फाटकाशी येऊन उभे असत. मुलगी त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही आजोबाच म्हणते. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, ताठ कण्याचे, पांढऱ्या टोपीचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून ते गावातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी जायचे.

मग गॅदरिंग आलं. शेजारच्या गावच्या शाळेनं आदल्या वर्षी गॅदरिंग लाईव्ह दाखवलं होतं, त्यामुळे आम्हीही दाखवणं भाग होतं. हल्ली लग्नंसुद्धा लाईव्ह असतात, शूटिंगवाला गावातलाच होता. मी बैठकीत म्हटलं, मुलांचे चेहरे असे जगाला दाखवायचे तर निदान आईबापांना विचारूया. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आईबापच सकाळ-संध्याकाळ पोरांना स्टेटसला ठेवतात. त्यांना काय विचारायचं?" सगळे हसले. मला राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं.

सगळ्यांचं जाऊ दे, एका मुलीपुरतं तरी सांभाळू, असं मी ठरवलं. तिला गॅदरिंगमध्ये घ्यायचंच नाही हे सर्वांत सोपं होतं. तसं सांगितलं तर ती रडली नाही, नुसती मान हलवली. त्या वयाच्या मुलीनं इतक्या लवकर मान हलवू नये. मग मी जंगलातल्या प्राण्यांचा नाच बसवला. प्रत्येकाला पुठ्ठ्याचा मुखवटा, हनुवटीपर्यंत. ती ससा झाली. शूटिंगवाल्याला बजावलं की मुखवटे काढल्यावर कॅमेरा फिरवायचा नाही. निवेदन करणाऱ्या गुरुजींना सांगितलं की मुलांची नावं घ्यायची नाहीत, 'इयत्ता चौथीचे विद्यार्थी' एवढंच म्हणायचं. तिच्या आईला मुखवटा दाखवला. तिने तो आपल्याच तोंडाला लावून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आता तर मी मलाच वळखू येत न्हाई." तिची हरकत राहिली नाही. मला वाटलं, जमलं.

आमच्याकडे गॅदरिंगला बक्षिसं द्यायची रीत आहे. पोरं नाचत असताना बघणाऱ्यांतून कोणीतरी उठतं, स्टेजपाशी जाऊन नोट देतं, आणि गुरुजी गाण्याच्या मध्येच देणाऱ्याचं आणि पोराचं पूर्ण नाव माईकवरून पुकारतात. नाव नीट घेतलं नाही तर देणारा परत येऊन ते दुरुस्त करून घेतो. नोटेपेक्षा नाव महत्त्वाचं. लहानपणापासून इतकं ऐकलंय की ते आता कानांना वेगळं ऐकूच येत नाही. म्हणूनच आमच्यापैकी कोणालाही त्याची आठवण झाली नाही. मला नाही, गुरुजींना नाही, तिच्या आईलाही नाही.

संध्याकाळी मैदान खच्चून भरलं होतं. ससा स्टेजवर आला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले, कारण खरंच तिच्या पायात काहीतरी वेगळं होतं. मी बाजूच्या पडद्याआड उभी होते. समोर आजोबा उठलेले दिसले. टोपी नीट करून, खुर्च्यांमधून वाट काढत ते माईककडे निघाले. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नातवंडांची नावं ऐकत त्या मैदानात बसलेला माणूस. त्या चालण्यात असा काही रुबाब होता की मलाही क्षणभर छान वाटलं. मग ध्यानात आलं, आता नाव पुकारतील. मी पडद्यामागून धावले, पण गुरुजी स्टेजच्या पलीकडच्या टोकाला होते आणि मध्ये अख्खं जंगल नाचत होतं.

गुरुजींनी आजोबांचं नाव घेतलं. मग मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव. ठणठणीत आवाजात, आणि गर्दीत नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा. आजोबा शेजारी उभे राहून समाधानानं मान डोलावत होते.

नंतर मी त्यांच्यावर ओरडले. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. त्यांना कळेचना. "तिचं तोंड तर झाकल्यालं हुतं की, बाई. फोटूत न्हाईच आली ती."

"पण बापाचं नाव कशाला सांगितलंत?"

"मग काय करू? गाव इचारतंय, पोरगी कुनाची, बाप कुटं हाय. नुसतं तिचं नाव घेतलं असतं तर बिनबापाची म्हनले असते लोक. पोरीला कमीपना यायला नको म्हनून..." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. झाकायचं म्हटलं की आम्हाला सगळ्यांना फक्त तोंडच आठवलं होतं.

त्या रात्री घरी व्हिडिओत ते नाव पुन्हा ऐकलं आणि मला फोन फेकून द्यावासा वाटला. दुसऱ्या दिवशी शूटिंगवाल्याला म्हटलं, तेवढा भाग काप. तो म्हणाला, सरांनी सांगितलं तर कापतो. सर म्हणाले, त्याच व्हिडिओत पाहुण्यांचं भाषण आहे, लिंक तालुक्याच्या ऑफिसला पाठवलीय, आता हात लावला तर विचारणा होईल. मी इतकी बोलले की शेवटी दोन-तीन दिवसांनी त्यांनी तो भाग कापायला लावला. तोवर सशाचा नाच गावाच्या प्रत्येक ग्रुपवर फिरून आला होता. लोकांना तो आवडला होता, दुसरं काही नाही. कोणीही वाईट हेतूनं काही केलं नव्हतं आणि त्यामुळे भांडायला समोर माणूसच सापडत नव्हता.

बातमी कशी गेली तेही कळलं. आमच्या गावातली एक मुलगी पलीकडच्या जिल्ह्यात, या मायलेकींच्या गावाशेजारी दिलेली आहे. ती बिचारी माहेरचं गॅदरिंग कौतुकानं फोनवर बघत होती. सासू शेजारी बसली होती. नाव ऐकून सासू म्हणाली, अगं, ही तर आपल्या वळखीतली.

आठवडाभरात मुलीचा बाप आला. बरोबर जीपभर माणसं. मी मनात कोणी राक्षस रंगवला होता. हा इस्त्रीचा शर्ट घातलेला, हळू बोलणारा, वाकून नमस्कार करणारा निघाला. शाळेत पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी मुलीला वर्गाबाहेर पाठवायला नकार दिला, तर म्हणाला, "बाई, बापाला पोरगी बघायची बी परवानगी घ्यावी लागती व्हय?" आणि हसला. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस तर शांत दिसतोय. घरगुती मामला आहे, आपण कशाला पडायचं?" मुलगी बाकाखाली बसली होती. मी तिला बाहेर ये म्हणू शकले नाही आणि तिथेच बस असंही म्हणू शकले नाही.

देवळाच्या ओट्यावर बैठक झाली. गावातली जाणती मंडळी, त्याची माणसं आणि चहा. त्याने सगळ्यांसमोर कान पकडले, पुन्हा हात उचलणार नाही म्हणाला. लोकांना ते फार भावलं. बायका घरांतून ऐकत होत्या. तिला कोणी विचारलं नाही असं नाही, विचारलं. पण आधी सगळं ठरवून मग विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मी तिच्याकडे गेले. आजोबा गोठ्यात पाठमोरे उभे होते, वळले नाहीत. मावशी चुलीपाशी बसून होती, चूल पेटलेली नव्हती. मुलीची आई आतल्या खोलीत तिचे कपडे पिशवीत भरत होती. मी म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, आत्ता माझ्याबरोबर नगरला चल, तिथं बायकांसाठी निवारा आहे, ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, मी रजा टाकते. मी भराभर बोलत होते आणि माझ्याच आवाजात मला जोर ऐकू येत नव्हता. ती शांतपणे ऐकत होती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तिथून बी समजूत घालून धाडत्याल," ती म्हणाली. "आन् न्हाई धाडलं तरी किती दिस? पुन्हा शाळा, पुन्हा कुनीतरी नाव घेनार."

"दुसरीकडं कुठं जाता येईल? कोणी नात्यातलं, ओळखीचं?"

तिने पिशवीचा बंद ओढून गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"मला मावशी एकच हुती, बाई."