लिनेटच्या तळाच्या फळ्या

माझ्या भावाला, जेबेझला, कुणी ‘बिचारा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारा कसला? पंचवीस टन कोळसा एकट्याने फावड्याने उतरवून, वर बेकन-बटाट्याची थाळी चाटूनपुसून साफ करून, पुन्हा रिकामी नाव घेऊन खाणीकडे निघणारा माणूस होता तो. त्याची कीव करायची असेल तर माझ्या घराबाहेर जाऊन करा.

आम्ही पाचही भावंडं ‘लिनेट’वरच जन्मलो. लिनेट म्हणजे आमच्या बापाची कालव्यावरची मालाची नाव. सत्तर फूट लांब, ओकच्या लाकडाच्या बाजू, एल्मच्या लाकडाचा तळ आणि मागच्या टोकाला एवढीशी केबिन. तिच्यात चूल, घडीचा पलंग आणि आम्ही सात जण. बाप गेल्यावर नाव जेबेझकडे आली. मी एका लॉक सांभाळणाऱ्याशी, म्हणजे कालव्यावरचे पाण्याचे दरवाजे उघडणाऱ्याशी, लग्न करून काठावर राहायला गेले. घरात राहायला जाणं याला आमच्यात ‘काठावर जाणं’ म्हणतात, आणि ते म्हणताना तोंड जरा वाकडं करायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते सगळ्यांनी व्यवस्थित वाकडं केलं.

जेबेझची बायको लव्हिनिया मात्र अस्सल नावेवरची. काठावर दोन तास उभी राहिली तरी तिचे पाय दुखायचे, आणि नावेवर चौदा तास सुकाणू धरून उभी राहिली तरी गाणं चालूच. त्यांना मूल झालं नाही. मग जेबेझने सगळा जीव लिनेटवर लावला आणि लव्हिनियाने त्या दोघांवर.

दर तिसऱ्या वर्षी लिनेट दुरुस्तीला पाण्याबाहेर घ्यायचे. तेव्हा जेबेझच्या अंगात यायचं. जुने दोरखंड उसवून त्यांचे तंतू काढायचे, ते फटींत ठोकून बसवायचे. मग डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद एकत्र उकळून तो लगदा गरम असतानाच बाजूंना थापायचा. लिदीवरून तर तो जगाशी भांडायचा. म्हणायचा, ओटचे दाणे खाणाऱ्या घोड्याचीच हवी, नुसत्या गवतावरच्या घोड्याची चिकटत नाही.

“तू आधी चाखून बघतोस काय रे?” मी एकदा विचारलं.

“वासावरून कळतं,” तो म्हणाला. अगदी गंभीरपणे.

मग तो भयंकर हिवाळा आला. कालवा तीन महिने गोठून राहिला. नावा जिथल्या तिथे अडकल्या, कोळसा लॉऱ्यांवरून जायला लागला, आणि बर्फ वितळलं तेव्हा आमच्यासाठी माल उरलाच नव्हता. त्याच थंडीत लव्हिनियाची छाती भरली. डॉक्टरने सांगितलं, “वर्षभर कोरड्या घरात राहायचं, नाहीतर मला पुन्हा बोलावू नका.” मला तेव्हा विधवा होऊन चार वर्षं झाली होती. माझ्या घरात वरची खोली रिकामी होती. जेबेझने विटांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि दोघं माझ्याकडे आली.

प्रश्न लिनेटचा होता.

लाकडी नावेचं एक असतं. पाण्यात आहे तोवर तिच्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरून राहतात. उन्हावाऱ्यात नुसती पडू द्या, की आकसल्याच. तरंगती ठेवावी तर रोज कुणीतरी आत शिरलेलं पाणी उपसायला हवं. म्हणून बरेच दिवस नाव सोडायची झाली, तर आमच्यातली माणसं ती बुडवून ठेवतात. अख्खी, छपरासकट. पाण्याखाली एल्म कुजत नाही, आणि चोरांच्या नजरेलाही पडत नाही. काठावरच्यांना हे सांगितलं की ते हसतात. हसू देत.

जुन्या चुनाभट्टीकडे कालव्याचा एक बंद पडलेला फाटा जायचा. एप्रिलमध्ये आम्ही लिनेटला तिकडे नेलं. चूल, पितळेच्या कड्या, लव्हिनियाच्या जाळीदार कडांच्या बश्या, सगळं काढून घेतलं. मग जेबेझने तळाचं बूच ओढलं, काठावर येऊन बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दोन तास लागले तिला खाली जायला. मी बडबड करत होते, तो पाण्याकडे बघत होता. शेवटचे बुडबुडे थांबले तेव्हा उठला आणि म्हणाला, “चल. लव्हिनिया वाट बघत असेल.”

तिला त्याने शब्द दिला होता. पुढच्या मे महिन्यात नाव वर काढीन, तळाच्या कुजक्या फळ्या बदलीन, आणि तुला तुझ्या केबिनमध्ये निजवीन. त्या शब्दावर ती माझ्या घरात दिवस ढकलत होती. “ह्या घराला हालचालच नाही गं,” म्हणायची. “मेल्यासारखं उभं असतं.” माझंच घर! पण आजारी माणसाला काय बोलणार?

दर रविवारी जेबेझ लांब बांबू घेऊन फाट्यावर जायचा. पाण्यात बांबू घालून चाचपायचा, केबिनच्या छपरावर ठक् वाजलं की घरी यायचा. जिन्यातूनच ओरडायचा, “आहे गं!” वरून लव्हिनिया, “कुठे जाणार आहे!” हे वर्षभर चाललं. इकडे माझ्या परसात एल्मच्या फळ्या साचल्या, चामड्याच्या कारखान्यातून गाईच्या केसांची पोती आली, आणि भंगारवाल्याच्या घोड्याची लीद पिंपात झाकून राहिली. शेजारीण तीनदा तक्रार घेऊन आली. तिसऱ्यांदा मी तिला पिंपाचं झाकण उघडून दाखवलं. चौथ्यांदा ती आली नाही.

आता ते सांगते, जे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

जानेवारीत एक माणूस दाराशी आला. कॉलर, काखेत कागदांची चवड. जेबेझ कामावर, लव्हिनिया वर झोपलेली. त्याने टोपीला हात लावला आणि विचारलं, “बाई, चुनाभट्टीच्या फाट्यात तुमच्या घरातल्या कुणाची नाव आहे का?”

मी म्हणाले, “नाही.”

विचार केलाच नाही. आमच्या आईने आम्हाला चालायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. कागदवाला माणूस आला की सरळ सांगायचं नाही. केबिनमध्ये किती जण झोपता? चार. होतो सात. मुलं शाळेत जातात? जातात तर! आम्ही शाळेचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. खरं सांगितलं की दंड, खरं सांगितलं की पोरं काढून नेणार, हेच आम्ही जन्मभर बघितलं. लिनेटचा परवाना सरला होता. मला वाटलं, आला हा दंड लावायला.

“नक्की ना? कारण तो फाटा आता आम्ही...”

“नक्की,” म्हणाले, आणि दार लावून घेतलं. त्याचं वाक्य दाराबाहेर राहिलं. जेबेझला सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसेल म्हणून. वर स्वतःवर खूशही झाले होते मी. कसा परतवला, म्हणून!

मार्चमधल्या एका रविवारी जेबेझ बांबू घेऊन गेला तो लवकर परत आला. जिन्यातून ओरडला नाही. स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहिला. बूट विटांच्या लाल धुळीने माखलेले.

“डॉर्क, फाटा नाहीये,” तो म्हणाला.

“नाहीये म्हणजे?”

“भरलाय. पाडलेल्या गिरणीच्या विटा आणून ओतल्यात. काठोकाठ. रोलर फिरवलाय वरून.”

सोमवार ते शनिवार, सहा दिवसांत त्यांनी तो फाटा भरून टाकला होता. पुलाच्या खांबावर सूचना लावलेली होती म्हणे जानेवारीपासून. जेबेझ दर रविवारी त्या खांबाला टेकून पाइप ओढायचा. आम्हा दोघांनाही अक्षर येत नाही.

सोमवारी मी त्याच्याबरोबर कालव्याच्या ऑफिसात गेले. टेबलामागच्या पोरगेल्या कारकुनाने फाइल काढली आणि वाचून दाखवलं. अमुक तारखेला घरी चौकशी केली, घरातील स्त्रीने नाव नसल्याचे दोनदा सांगितले. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, “वाईट वाटतं हो. पण आता वर एवढ्या वजनाखाली लाकडाचं काय राहिलं असणार?”

रस्ताभर मी एक पाऊल मागे चालत होते. त्याने मला शिव्या घालाव्यात म्हणून वाट बघत होते. पुलावर तो थांबला.

“मीपण नाहीच सांगितलं असतं, डॉर्क,” म्हणाला. “कुणीही नाहीच सांगितलं असतं.”

त्याचं असं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आलो, तर वरून हाक आली. “जेब! लिनेट आहे ना?” त्याने माझ्याकडे बघितलं. मग जिना चढत चढत म्हणाला, “आहे म्हणजे काय! मे कशाला हवाय? आजच वर काढायचं ठरवून आलोय.”

तिथून ते सुरू झालं. कारखान्यातून सुटला की तो तासदोन तास कुठेतरी जायचा. त्या विटांवर जाऊन बसायचा, हे मला नंतर कळलं. मग मागच्या परसात यायचा, डांबराच्या डब्यात बोटं बुडवून हातांना, मनगटांना, गालाला फासायचा, आणि वर लव्हिनियापाशी जाऊन बसायचा. खिडकीतून मी सगळं बघायची. माझा म्हातारा भाऊ, पाठ वळवून, तोंडाला डांबर लावतोय. भांडी घासता घासता माझे हात थांबायचे.

वर सगळं रीतसर चालायचं. आज तिसरी फळी काढली. खिळे गंजले होते, ओढता ओढता दम निघाला. आज नवी बसवली. आज फटी बुजवायला घेतल्या. लव्हिनिया उशीला टेकून प्रश्न विचारायची, भांडायचीसुद्धा. “सुकाणूपासची फळी आधी बघ म्हणून सांगितलं होतं ना? ऐकशील तर शपथ!” तिच्या गालांवर रंग यायचा. पण अंगातलं मांस रोज थोडं कमी व्हायचं. आणि जेबेझला रोज आणखी एक फळी कुजकी सापडायची. काम संपवून चालणार नव्हतं. काम संपलं असतं तर ती म्हणाली असती, चल.

मेच्या शेवटी एके सकाळी मी तिला चहा घेऊन गेले. तिने माझा हात धरला.

“डॉर्क, लिनेटच्या तळाला फळ्या किती गं?”

“मी काय मोजल्यात?”

“मी मोजल्यात. तीस वर्षं गुडघ्यांवर बसून घासल्यात मी. अडुसष्ट. तुझ्या भावाने काल बहात्तरावी बसवली.”

माझ्या हातातली कपबशी तिनेच काढून खाली ठेवली.

“कुठंय लिनेट?”

सांगितलं मी. फाटा, विटा, रोलर, सगळं. ती रडली नाही. नुसतं विचारलं, “आणि तिथे नाव आहे, हे त्या लोकांना कुणी सांगितलं नाही?”

‘नाही’ म्हणून मोकळी होता आलं असतं मला. सवयच होती. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, “विचारायला आले होते, लव्हिनिया. मीच सांगितलं, नाव नाही म्हणून.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातून आपला हात काढून घेतला आणि चादरीखाली नेला.

“मला कळलंय हे जेबला सांगू नकोस,” म्हणाली. “त्याला येऊन बसू दे.”

नंतर दोन आठवडे ती माझ्या हातचं खायची, ‘थँक्यू’ म्हणायची, कुणी परक्या नर्सला म्हणावं तसं. मी तिची पाठ पुसायची, केस विंचरायची, ती भिंतीकडे बघत राहायची. भावाने मला माफ केलं ते मला झेपलं नाही, आणि वहिनीने केलं नाही तेही झेपलं नाही. संध्याकाळी जेबेझ आला की मात्र ती उजळायची. “आज कितवी?” विचारायची, आणि तो सांगायचा आकडा निमूट ऐकून घ्यायची.

शेवटच्या दिवशी डॉक्टर जिन्यात जेबेझशी काहीतरी हळू बोलला. जेबेझ परसात गेला. त्या दिवशी त्याने कोपरापर्यंत डांबर फासलं. वर येऊन पलंगापाशी गुडघे टेकले आणि म्हणाला, “झालं गं. आज पाण्यात सोडली.”

“गळतेय?”

“एक थेंब नाही.”

“केबिन गार असेल.”

“चूल पेटवून आलोय. तुझ्या बश्यासुद्धा टांगल्यात.”

“मग चल की,” ती म्हणाली, आणि जमेल तेवढी चादर बाजूला सारली.

त्याने तिला उचललं. वजन काय राहिलं होतं तिचं! डांबराने भरलेल्या खांद्यावर तिने डोकं टेकलं आणि डोळे मिटले. जेबेझ तिला घेऊन दाराकडे आला. मी दारातच उभी होते. त्यांना वाट द्यायला मी बाजूला झाले. मला कुणी चल म्हणालं नाही.