सुगंधाने खाल्लेलं रोप

आमच्या सरावलीच्या चाळीत शास्त्रज्ञ एकच, आणि तो कारखान्यात बॉयलर सांभाळतो. बीडकडचा रामकिसन. सुट्टीच्या दिवशी माणसं झोपा काढतात; हा खाडीकाठच्या खाजणात, खाऱ्या चिखलात, वाकून रोपं बघत हिंडतो. काय हरवलंय, असं विचारून विचारून आम्ही थकलो.

गेल्या वर्षी त्याला एक रोप सापडलं. जाड, रसाळ पानं आणि बेचक्यात जांभळी फुलं. पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मेघालीबाई फोटो बघून खुर्चीतून उठल्याच. याची नोंद कुठेच नाही, म्हणाल्या. मुळासकट आणा, दाबून वाळवू, नाव तुम्ही सुचवा. नाव ठरलेलंच होतं. वीस वर्षांत बायकोला, सुगंधाला, त्याने कुठे म्हणून नेलं नव्हतं. निदान तिचं नाव तरी पुस्तकात जाईल.

रोप आणून त्याने मोरीजवळ ओल्या फडक्यात ठेवलं आणि कामावर गेला. परतला तेव्हा ताटात भाजी होती.

"मला गावाकडची घोळीची भाजी वाटली वो," सुगंधा म्हणाली. "किती वर्षांनी दिसली. मीठ न घालताच खारट झाली मात्र."

त्याला चिडायचं होतं. पण ती इतकी आनंदाने जेवत होती की त्यालाच भरून आलं.

मेघालीबाई धावत आल्या. घोळीशी या रोपाचं काही नातं नाही, त्यांनी समजावलं. तिकडे बीडला पाणी नाही, इकडे आहे ते खारं. दोन्ही रोपांनी आपापलं पाणी पानात साठवलं आणि पानं सारखी झाली. मग वही काढून त्यांनी सुगंधाला चव विचारली आणि गंभीरपणे लिहून घेतली. पुढे सहा रविवार रामकिसनने खाजण पालथं घातलं. दुसरं रोप काही मिळालं नाही.

मिळालं ते दारात. भाजी धुतलेलं पाणी सुगंधा तुळशीच्या डब्यात ओतते. तिथेच जाड पानांचा कोंब आला. रामकिसन रोज खाडीचं पाणी आणून घालू लागला. रोप फोफावलं, तुळस वाळली. फूल उमललं त्या दिवशी मेघालीबाई रोप दाबून वाळवायच्या कागदांसकट हजर.

सुगंधा डब्यापुढे उभी राहिली. "माझं नाव द्यायला हिला मारावं लागतंय म्हणता. मग राहू द्या बिननावाची."

रामकिसनने बाईंना चहा दिला. संध्याकाळी सुगंधाने नेहमीसारखा डब्यापुढे दिवा लावला. रामकिसनने हात जोडले. मग कोरे कागद काखेत धरून बाईंनीही जोडले.