पास माल

परळच्या एका हॉस्पिटलात मी आजाराचे फोटो काढते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर रंगवून येतो, मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी टिपते. काचेवर नाव नसतं, नुसता नंबर. ज्या काचेत रोग अगदी स्वच्छ दिसतो तिला आमच्या खात्यात ‘सुंदर’ म्हणतात. वीस वर्षं मीही म्हणत आले.

आईच्या छातीतली गाठ आमच्याकडेच आली. नंबर मला पाठ होता, पण तो कुणाचा हे खात्याच्या मुख्य मॅडमना ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, “सुंदर आहे, फोटो घेऊन ठेव.” मी घेतला.

आईला मात्र मी सांगितलं होतं की साधी गाठ होती, गेली. तिचा विश्वास बसला नसावा. ड्रेसिंगला आली तेव्हा म्हणाली, “काय वाढलं होतं ते मला दाखव.” टाळत राहिले, पण ती हटेना. शेवटी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिला आत नेलं आणि दुसऱ्याच कुणाची निरोगी काच लावली. पेशी कशा ओळीने बसलेल्या.

आईने लोअर परळच्या कपड्याच्या कारखान्यात तीस वर्षं चेकिंग केलं होतं. शर्ट उलटा करून शिलाई बघायची, खोट असेल तर बाजूला टाकायची. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

“हा पास माल आहे,” ती म्हणाली. “माझा लाव.”

मी ती काच काढली. तिची काच लावली, फोकस जुळवला. रोजच्यासारखं चित्र स्वच्छ झालं आणि रोजच्यासारखं तोंडातून निघून गेलं, “बघ, किती सुंदर आलंय.”

जीभ हासडून टाकावीशी वाटली. आई वाकून पाहत राहिली. ओळी मोडलेल्या, पेशी वाटेल तिथे घुसलेल्या. मग पदर सावरत म्हणाली, “सगळीकडे गेलंय गो. आता लपवू नको.”

त्या दिवसापासून मी तिच्याशी खोटं बोलले नाही. पण त्या एका शब्दाबद्दल माफी मागायचा धीर झाला नाही. उद्या बोलू, म्हणत राहिले, आणि चार महिन्यांत ती गेली.

तिचा फोटो दरवर्षी वर्गात दाखवतात. मशीन मीच चालवते. पडद्यावर तो आला की मागून कुणीतरी हळूच म्हणतं, सुंदर.