वावधन म्हणजे काय

अन्वय, सई — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. आता लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात तुम्ही माझा विमानाजवळचा जुना फोटो सगळ्यांना पाठवलात आणि खाली लिहिलंत : 'चौकीदाराने वाऱ्याची सूचना दिली नाही, तरी आमची आजी वाचली.' वाचून मी संतापले. तुमच्यावर कशी संतापणार? वाक्य माझंच आहे, मीच तुम्हाला ऐकवलेलं. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा आईकडून हे वाचून घ्या. मराठीतच लिहिते आहे — इंग्रजीत मी हे एकदा सांगून बसले आहे.

यवतमाळची धावपट्टी तेव्हा एक काळी रेघ होती, दोन्ही बाजूंना तूर. तिथला चौकीदार थावराभाऊ, घाटंजीकडच्या तांड्यातला. छोट्या विमानांत रेडिओ नसे; उडणाऱ्याला वारा सांगणं हे थावराभाऊचं काम, आणि त्या कामावरच त्याची पट्टीलगतची खोली होती. मी नागपूरच्या फ्लाइंग क्लबात नुकतंच लायसन्स मिळवलेलं. क्लबचं विमान एका दिवसासाठी इथे आणलेलं. बाबांनी पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या.

"ताई, दुपारून वावधन सुटन," थावराभाऊ म्हणाला. "थे इमान हाय, बैलबंडी नाही. आज राहू द्या."

"बैलबंडी तुम्ही हाका," मी म्हणाले. पाहुणे हसले. तोही हसला.

वावधन सुटलंच. वरून मला पट्टीवर धूळ आडवी धावताना दिसत होती. थावराभाऊ पट्टीच्या टोकाशी उभा राहून लाल दुपट्टा हलवत होता — उतरू नका, थांबा. मला तो दिसला. हे नीट ऐका : दिसला. पेट्रोल भरपूर होतं. वारा पडेपर्यंत घिरट्या घालता आल्या असत्या. पण खुर्च्या मांडलेल्या होत्या ना?

त्या विमानाचं तिसरं चाक शेपटाखाली. चाकं जमिनीला लागली म्हणजे उतरलो, असं त्यात नसतं. पूर्ण थांबेपर्यंत पायांनी शेपूट सरळ धरावं लागतं. चाकं टेकली आणि मी खुर्च्यांकडे पाहिलं. पाय सैल सुटले. डावीकडच्या वाऱ्याने शेपूट ढकललं, नाक वाऱ्याकडे फिरलं, विमान भोवऱ्यासारखं गरकन वळलं आणि उजवा पंख घासत तुरीत जाऊन पडलं. मला ओरखडाही नाही.

इथवर ती फक्त फजिती होती. फजितीचा कबुलीजबाब कशाला लिहू?

चौकशीला आलेल्या साहेबाला मराठी येत नव्हती. दुभाषी म्हणून मला बसवलं — जिची चौकशी, तिलाच. याची चीड मी वर्षानुवर्षं बाळगली. फार सोयीची चीड होती. साहेबाने विचारलं, याने वाऱ्याबद्दल काय सांगितलं होतं? थावराभाऊ निवांत होता. मी होते ना तिथे.

"वावधन सुटन म्हणलो मी. दुपट्टाही हालवला. ताई, सांगा यायले, वावधन म्हंजे काय ते."

वावधन म्हणजे काय — यवतमाळात वाढलेल्या मला माहीत नव्हतं? घरावरचे टिनाचे पत्रे उचलून नेतं, ते वावधन. मी साहेबाला म्हणाले, 'लाइट ब्रीझ'. मंद झुळूक. दुपट्ट्याचं सांगितलंच नाही.

त्याची नोकरी गेली, खोली गेली. माझं लायसन्स राहिलं. तो सामान बंडीत भरत होता तेव्हा मी तिथे गेले होते. का, ते आजही सांगता येत नाही. कचेरीतल्या कारकुनाने त्याला जबाबाच्या इंग्रजी कागदाचा अर्थ सांगितला होता. आवाज न चढवता त्याने विचारलं, "काहून ताई, इंग्रजीत वावधन नसते काय?"



लहान होते, घाबरले होते, असं लिहिणार नाही. बावीस वर्षांची होते आणि घाबरले नव्हते. तो शब्द निवडायला मला क्षणभरही लागला नाही.

थावराभाऊ आता नाही. त्याच्या जबाबाची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे, वरून दुसऱ्या खणात. तीत 'लाइट ब्रीझ' आहे, त्याखाली त्याचा अंगठा आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.