मेव्हिससाठी कोण ओरडतंय?

"तू नक्की करतेस काय गं?" असं कुणी विचारलं की ग्लेनिस वॉर्बी सांगायची, "एका म्हातारीला सांभाळते." म्हातारी म्हणजे मेव्हिस, आणि मेव्हिस म्हणजे ग्लेनिसनेच एके काळी लिहिलेला प्रोग्रॅम. टास्मानिया बेटावरच्या होबार्टमधली तिची कंपनी सफरचंदांच्या पॅकिंग शेडसाठी सॉफ्टवेअर बनवायची. त्याची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी मेव्हिस तिच्यावर खोट्या पेट्या सोडायची. रिकामी पेटी, गाडीएवढ्या वजनाची पेटी, मुळात जन्मालाच न आलेल्या शेतकऱ्याची पेटी. सॉफ्टवेअर गोंधळलं की मेव्हिस लाल दिवा लावून मोकळी.

मेव्हिसचं बारसं, तिची दुखणीखुपणी, सगळं ग्लेनिसनेच निस्तरलं होतं. कंपनीत कॉम्प्युटर बदलले की म्हातारी हमखास अंथरूण धरायची. आता कंपनीने चाचणीचं एक नवं चकचकीत साधन विकत आणलं होतं आणि मेव्हिसला निवृत्त करण्याचं कामही, अर्थातच, ग्लेनिसच्याच गळ्यात पडलं.

ग्लेनिसची त्याला ना नव्हती. अनेक वर्षं एका जागी काढल्यावर मिळणारी लांब रजा तिने मेव्हिसपायी दोनदा पुढे ढकलली होती. नवऱ्याने, डेसने, कॅरॅव्हॅन इतक्यांदा धुतली होती की तिचा रंग जायला आला होता. समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर पश्चिमेकडे जायचं, ओसाड माळावरून सरळ रस्त्याने जात राहायचं, एवढंच दोघांना हवं होतं.

"म्हातारी मार्गी लागली की तू सुटलीस," तिची साहेब ब्रॉनविन म्हणाली. "पण मध्येच कुणी बोंबललं तर रजा रद्द हं, बाई. निस्तरायला दुसरं आहे कोण?"

या धंद्यात जुनं साधन बंद करायची एक राकट रीत आहे. आधी सगळ्यांना कळवायचं, मग बटण बंद करायचं आणि कान टवकारून बसायचं. आठवडाभर कुणी ओरडलं नाही, तर साधन पुरून टाकायचं. ग्लेनिसने महिनाभर सगळ्यांना निरोप पाठवले होते. बेटाच्या उत्तरेकडच्या शेडमधून काहीच उत्तर आलं नाही, तो तिने होकार धरला. शुक्रवारी दुपारी तिने बटण बंद केलं, डोळे पुसले आणि घरी जाऊन प्रवासासाठी टोप्या भरल्या.

सोमवारी रेगाटाची, म्हणजे होड्यांच्या शर्यतींची, सुट्टी. हा सोमवार टास्मानियात फक्त दक्षिणेला सुट्टीचा असतो, उत्तरेची सुट्टी नोव्हेंबरात. होबार्टच्या माणसाला हे ठाऊक असतं आणि दर फेब्रुवारीत तो ते विसरतो, कारण त्याच्या लेखी बेट अर्ध्या रस्त्यातच संपतं.

डरवेंट नदीच्या काठावर तोबा गर्दी होती. होड्या सुटत होत्या, लाकूडतोड्यांच्या शर्यतीत कुऱ्हाडी चालत होत्या. ग्लेनिस, डेस आणि ब्रॉनविन गवतावर बसून शिंपल्यांचं सारण भरलेली पाई खात होते. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला.

"ग्लेनिस! मेव्हिसला मारलंस का गं तू?"

लाकूडतोडेसुद्धा थांबले. बगलेत बिअरचं खोकं घेऊन, लालबुंद चेहऱ्याने क्लेम हॅडली येत होता. उत्तरेतल्या शेडमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर बसवून माणसांना शिकवणारा हा गडी. सकाळपासून बंद ऑफिसला फोन करकरून थकला आणि शेवटी अडीच तास गाडी हाकत आला.

"ओरडला," ब्रॉनविन शांतपणे म्हणाली.

ग्लेनिसने हातातली पाई खाली ठेवली. "अरे, महिनाभर निरोप पाठवतेय मी!"

"होबार्टहून आलेलं काही मी वाचत नाही. तत्त्व आहे ते."

"नवं साधन आहे ना तुझ्याकडे?"

"त्याला काय चाटू? आजपासून हंगामाची माणसं शिकायला यायला लागलीत. मेव्हिस खोट्या पेट्या सोडते, म्हणून पोरं खरी सफरचंदं न नासवता शिकतात. तुझं नवं साधन नुसतं बरोबर-चूक सांगतं. पेटी दाखवतंय कुठे?"

ग्लेनिस त्याच्याकडे बघतच राहिली. चाचणीसाठी लिहिलेली म्हातारी तिकडे शाळा चालवत होती आणि तिला पत्ताच नव्हता! रजा गेली म्हणून तिला रडू येत होतं आणि मेव्हिस कुणाला तरी हवी होती म्हणून छाती फुगत होती. शेवटी तिला हसूच फुटलं.

"तुला हवीय ना?" ती म्हणाली. "मग घेऊन जा. आजपासून म्हातारी तुझी."

"माझी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही पहिल्या दिवशी काही कळत नव्हतं. उद्यापासून शिकवते."

ब्रॉनविनने विचार केला. "शिकवण्यापुरतीच, क्लेम. चाचणीचं काम नव्या साधनाकडे. पण ती आजारी पडली तर ग्लेनिसला फोन करायचा नाही."

"होबार्टला फोन केल्यावर उचलतंय कोण?" क्लेम म्हणाला आणि खोकं फोडलं. डेसने उत्तरेची बिअर नाक मुरडत घेतली आणि दुसरी स्वतःहून मागितली.

ग्लेनिसने त्याच संध्याकाळी मेव्हिसचं बटण पुन्हा सुरू केलं. तो आठवडा क्लेम वॉर्बींच्या सोफ्यावर झोपला आणि मेव्हिसच्या खोड्या शिकला. शनिवारी कॅरॅव्हॅन निघाली.

माळ सुरू होण्याआधी ग्लेनिसने आपला फोन बंद केला.

"कुणी ओरडलं तर?" डेसने विचारलं.

"तेच तर बघायचंय."

माळ ओलांडल्यावर तिने फोन सुरू केला. ऑफिसचा एकही निरोप नव्हता. कुणी ओरडलंच नव्हतं. क्षणभर तिला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. मग एक फोटो उमटला. शेडमध्ये माणसं पडद्यासमोर दाटीने उभी, पडद्यावर गाडीएवढ्या वजनाची पेटी, आणि सगळ्यांचे आ वासलेले चेहरे. खाली क्लेमने लिहिलं होतं, "मेव्हिस मजेत आहे. तू ओरडू नकोस."

ग्लेनिस त्या माळाच्या कडेला उभी राहून जोरात ओरडली. ऐकायला फक्त डेस होता, आणि तोही ओरडला.