सालदाराची पेन्शन

वरणगावच्या फॅक्टरीत चिकटलेल्या माणसाला म्हातारपणी पेन्शन मिळते. मास्तरला मिळते, तलाठ्याला मिळते. दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराला कोण देणार? म्हणून उखर्डूनं आपली पेन्शन आपणच जमवायला घेतली, आणि जमवलीही. एवढं शहाणपण शिकल्यासवरल्यांनाही सुचत नाही.

एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात साल ठरायचं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. जुनं साल त्या दिवशी संपायचं, नवं सुरू व्हायचं. बाकी घरांत हा व्यवहार तोंडीच चाले. उखर्डूचे मालक तोतारामआबा यांच्याकडे मात्र कागद व्हायचा. आबा तो वाचून दाखवायचे, उखर्डू आंगठा द्यायचा, मग दोघं खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खायला बसायचे. सदुसष्ट सालापासूनचा हा शिरस्ता.

सालाच्या पैशातले थोडे उखर्डू दरवर्षी आबांकडेच ठेवायचा. "हातपाय थकतीन, तवय कामले येतीन," म्हणायचा. त्यापायी त्याच्या बायकोनं, यशोदाबाईनं, दोन लुगड्यांवर वर्षं काढली. आबा सरळ माणूस होते. एक्क्याऐंशी साली ते उखर्डूला एरंडोलला घेऊन गेले आणि साचलेली सगळी रक्कम त्याच्याच नावानं एका पतपेढीत मुदत ठेवीत टाकली. पुढं दरवर्षी तीत भर पडत गेली. पावती आबांच्या कपाटात राहिली, कारण उखर्डूचं छप्पर गळायचं.

चौऱ्याण्णवच्या आखाजीला ठेवीची मुदत संपणार होती. उखर्डू तोवर चौसष्ट वर्षांचा होणार. मग साल सोडायचं, पत्र्याची एक खोली बांधायची, म्हैस घ्यायची, यशोदाबाईनं दूध विकायचं. एकुलती लेक कमल साक्रीकडे दिलेली होती. तिच्या दारात जेवायला जाऊन बसायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा तो पीत नसे. भेटायला गेला तरी भाकरी बांधून न्यायचा आणि जावई, पुना त्याचं नाव, चिडवायचा, "मामा, आम्हनी भाकर कडू शे का?"

नव्वद साली आबा गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, जीवरामकडे आला. या जीवरामला उखर्डूनं खांद्यावर बसवून पोळा दाखवला होता, कमरेला दोर बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. ब्याण्णवच्या आखाजीला जीवराम म्हणाला, "नाना, यंदा दोन कागद शेत." एकाऐवजी दोन कागद पुढं केले, पण वाचून काही दाखवले नाहीत. उखर्डूनंही विचारलं नाही. सणाचा दिवस, आत पानं वाढलेली, आणि आपण मालकाच्या कागदावर शंका घ्यायची? पंचवीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. दोन्ही कागदांवर त्यानं आंगठा उठवला आणि जेवायला बसला. अडाणीपणा म्हणा हवं तर. पण आंगठा देणारा अडाणी असला तरी घेणारा नव्हता, हेही लक्षात ठेवा.

मुदत जवळ आली तशी उखर्डूनं पावती मागितली. "शोधस नाना," जीवराम म्हणाला. आठ दिवस गेले, पंधरा गेले. जीवराम शोधतच होता.

"माले काही खरं दिसत नही," यशोदाबाई म्हणाली.

उखर्डू तिच्यावर खेकसला. "जीवा आपला पोऱ्या शे. त्याना बारामा वाईट बोलू नको."

बायकोचं तोंड बंद करता आलं, मनाचं आलं नाही. शेवटी बाजाराचं निमित्त काढून तो एकटाच एरंडोलला गेला.

पतपेढीतल्या मॅनेजरनं खातं उघडून पाहिलं. "बाबा, या ठेवीवर जीवराम पाटलांनी ट्रकसाठी कर्ज उचललंय. दोन वर्षांत एकही हप्ता भरला नाही. ठेव कर्जात वळती झाली."

"पन मी कवय हा म्हनं?"

मॅनेजरनं कागद त्याच्यापुढं सरकवला. संमतीपत्र होतं ते. उखर्डूला अक्षर लागत नव्हतं, पण खालचा निळा आंगठा त्यानं ओळखला. विळ्यानं कापलेल्या जखमेची आडवी रेघ त्यात स्पष्ट उठली होती. एकोणीस हजार रुपये होते. आता शिल्लक काही नव्हतं.

परत आला तो घरी न जाता थेट जीवरामच्या ओट्यावर गेला. विचारल्यावर जीवराम बिचकला नाही, चिडलाही नाही. समजूत घालावी तसा म्हणाला, "ट्रकना धंदा बुडना नाना, मी काय करू? आनि तुले पैसा कसाले पाहिजेत? तू आम्हना घरना माणूस. मरेपर्यंत तुन्या दोन भाकरी कोठे जातस का?"

आत जीवरामची आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तिला ठाऊक होतं. ठाऊक असून दोन वर्षं तिनं उखर्डूच्या ताटात वाढलं होतं.

पैसे बुडवणारा माणूस निदान नजर चुकवतो, हा तर वर उपकार करत होता. ज्याला आपलं म्हटलं त्यानंच केसानं गळा कापला होता.

"घरना व्हतू म्हनीसन तू माले विचारं नही," उखर्डू म्हणाला. "परका माणूस ऱ्हाता, ते पहिले विचारता."

त्या आखाजीला त्यानं जीवरामकडे साल धरलं नाही. गावात आणखी चार दारं फिरला. चौसष्टाव्या वर्षी नवा सालदार कोण ठेवतो? जीवरामकडच्या दोन भाकरी काही लांब नव्हत्या, पण त्या घराची पायरी तो पुन्हा चढला नाही. जेठ महिन्यात झोपडीला कुलूप लावून दोघं एस.टी.नं साक्रीला गेली.

कमलला कोण आनंद झाला. तिनं ताटं केली, गरम भाकरी, ठेचा, वरण वाढलं. यशोदाबाईनं खाली मान घालून घास घेतला. उखर्डूचा हात ताटाजवळ गेला आणि तिथंच थांबला. समोर बसलेल्या पुनाला तो आजवर नावानंच हाक मारत आला होता.

"जावईबापू," तो म्हणाला, "उद्यापासून माले कोनतं काम शे, ते पहिले सांगा. मंग जेवस."