अंधबिंदू

आज जेवताना सूनबाईने दह्याचं भांडं ह्यांच्या जागी ठेवलं. "आई, इथे ठेवू ना?" तिने विचारलं, आणि मीही सहज "ठेव की" म्हणाले. हे जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

ह्यांचं सगळं आयुष्य माणसाच्या दृष्टीवर संशोधन करण्यात गेलं. घरी कुणीही आलं, की जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर एक फुली आणि तिच्या उजवीकडे ठिपका काढून हातात द्यायचे. "डावा डोळा मिटा. फुलीकडेच बघत पत्रिका हळूहळू जवळ आणा." मध्येच ठिपका नाहीसा व्हायचा. पाहुणे दचकायचे आणि हे खूश व्हायचे. डोळ्यातल्या त्या आंधळ्या जागेला ते अंधबिंदू म्हणायचे. मला मात्र नवल वाटायचं ते वेगळंच. ठिपका गेला तरी तिथे भोक दिसत नाही, काळोख दिसत नाही. पत्रिकेचा पिवळा रंगच पसरलेला दिसतो.

"मेंदूला रिकामी जागा चालत नाही," हे सांगायचे. "आजूबाजूला असेल त्याने तो ती भरून टाकतो."

आता ह्यांच्या खुर्चीवर नातवाचं दप्तर असतं, कपाटातल्या ह्यांच्या कप्प्यात माझी औषधं. कुणाला काय बोलणार? भोक कुठेच दिसत नाही.

जेवणं झाल्यावर मी तशी एक पत्रिका शोधून काढली. डावा डोळा मिटला. ठिपका गेला, पत्रिका आणखी जवळ आणली, तसा परत आला. "घाबरू नका, तो तिथेच होता," हे पाहुण्यांना म्हणायचे.

पत्रिका खाली ठेवून मी ह्यांच्या जागेकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं.

दह्याचं भांडं होतं.